रोज मासे खाऊनही बी१२ ९६: पांढऱ्या डागांमागून आलेल्या दुखण्यांचा माझा अनुभव

मला पांढरे डाग आहेत. डॉक्टरी भाषेत व्हिटिलिगो, गावात सरळ कोड म्हणतात. पण हे जे लिहितेय ते डागांबद्दल कमी आणि डागांच्या मागून काय काय आलं त्याबद्दल जास्त आहे. कारण डागांवर बोलणारे पुष्कळ भेटतात, कुणी क्रीम सुचवतं, कुणी पथ्य सांगतं, कुणी कुठल्या वैद्याचा पत्ता देतं, आणि ज्याच्यामुळे मी खरोखर आजारी पडले त्या थायरॉईडचं आणि बी१२ या व्हिटॅमिनचं नाव मात्र डाग आल्यानंतर कित्येक वर्षं कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. ज्यांच्या अंगावर किंवा ज्यांच्या घरात कुणाच्या अंगावर डाग आहेत त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं मनापासून वाटतं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही मालवण तालुक्यातले, घरापासून समुद्र चालत जाण्याएवढा. मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते. डाग सुरू झाले ते धाकट्या मुलीच्या बाळंतपणानंतर, आधी उजव्या हाताच्या बोटांची टोकं, मग ओठांच्या कडा, मग परकराची नाडी जिथे घट्ट बसते तिथे कमरेभोवती पट्टा. हे नाडीचं मला नंतर कळलं, व्हिटिलिगो असलेल्या माणसाची कातडी जिथे सतत घासते, दाबली जाते किंवा कापते, नेमका तिथेच नवा डाग उठू शकतो. तेव्हापासून रुंद पट्ट्याचा परकर वापरते आणि टिकली चिकटवायची पण बंद केली, कारण काही टिकल्यांच्या गोंदात असं केमिकल असतं की ज्याने कपाळावर तेवढाच गोल पांढरा होतो.

सासूबाईंनी डाग बघितले आणि त्याच दिवशी कारण पण सांगून टाकलं, "गो, तू माशे खावन दूध पिलंस असतलंस." झालं, मासे बंद, दूध बंद, आंबट नको म्हणून सोलकढी बंद, पांढरं नको म्हणून दही आणि ओलं खोबरं बंद. मालवणात राहून मासे, खोबरं आणि कोकम सोडायचं म्हणजे ताटात उरलं काय ते तुम्हीच बघा. त्या वाईट नव्हत्या हो, त्यांना माझी काळजीच होती, त्यांच्या आईने त्यांना जे सांगितलं तेच त्या मला सांगत होत्या. पण मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येतो याला काही आधार नाही, हे मला पहिल्याच स्किनच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि मी परत मासे खायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. हे आठवणीत ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात मलमं झाली, थोडी उन्हातली ट्रीटमेंट झाली, एका शहरातल्या क्लिनिकमधे शंभर टक्के गॅरंटी म्हणून पॅकेज पण घेऊन झालं. त्यांच्या बिनलेबलच्या गोळ्यांनी माझा चेहरा सुजला, पैसे गेले आणि डाग होते तिथेच राहिले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण यातल्या कुणीही, म्हणजे चांगल्या डॉक्टरांनीसुद्धा, कधी रक्त तपासलं नाही. डाग कातडीवर, म्हणून कातडीचं औषध.

दमायला कधी लागले ते नेमकं सांगता येणार नाही, कारण असं दुखणं एका दिवशी येतच नाही. आधी संध्याकाळी जड वाटायचं, मग दुपारपासून, मग सकाळी उठतानाच वाटायला लागलं की झोप झालीच नाही. वजन वाढत होतं, पोट साफ होत नव्हतं, कंगव्यात केस येत होते, ऑफिसातल्या एसीत सगळे ठीक असायचे आणि मी पदर गुंडाळून बसायची. नोटा मोजताना मधेच आकडा निसटायचा आणि परत पहिल्यापासून मोजायला लागायचं. जाऊबाई म्हणाल्या, "ह्या वयात असांच होता गो." चाळिशी आली, पाळी पुढेमागे होतेय, मुलींच्या परीक्षा आहेत, पावसाळा आहे, प्रत्येक गोष्टीला एक कारण हजर होतं आणि सगळी कारणं पटण्यासारखीच होती. गावातल्या दवाखान्यात हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या, त्या घेतल्या, थोडे दिवस जरा बरं वाटलं मग परत तेच.

दोन गोष्टी मात्र वयावर ढकलता येत नव्हत्या. एक म्हणजे जीभ. लालभडक आणि गुळगुळीत झाली होती, वरचा खडबडीतपणाच गेलेला, आणि बांगड्याचं तिखलं तोंडात घातलं की डोळ्यात पाणी यायचं, मी लहानपणापासून तिरफळ घातलेलं तिखलं खाणारी बाई. दुसरी म्हणजे पाय. आम्ही संध्याकाळी वाळूत फिरायला जातो. चपला काढून चालत होते आणि लक्षात आलं की वाळू लागतच नाहीये पायाला, थंड की गरम, ओली की कोरडी, काही नाही. अंधार पडला की तोल जायचा, नवऱ्याचा हात धरायला लागायची. मनात आलं की डागच आत आत पसरत असतील. कुणाला विचारायची पण भीती वाटत होती, कारण आमच्याकडे अजून कोड आणि कुष्ठ यांच्यात गल्लत करणारे लोक आहेत, आणि पायाला बधिरपणा म्हटलं की ते काय म्हणतील ते मला माहीत होतं. (व्हिटिलिगोचा आणि कुष्ठरोगाचा काहीही संबंध नाही. हा संसर्गजन्य नाही, शिवून, एका ताटात जेवून, एका घरात राहून होत नाही. हे कितीदा सांगितलं तरी कमीच.)

ओठाजवळ नवीन डाग आला म्हणून कुडाळला एका स्किनच्या मॅडमकडे गेले. त्यांनी खोलीत अंधार करून ती निळसर दिव्याची बॅटरी अंगावर फिरवली, वुड्स लॅम्प म्हणतात, त्यात डाग चमकतात आणि साध्या डोळ्यांना न दिसणारे पण दिसतात. मानेवर, काखेत, घोट्यावर असे किती होते ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मग दिवा लावला आणि मलम लिहून देण्याऐवजी प्रश्न विचारायला बसल्या. थकवा येतो का, थंडी वाजते का, तहान जास्त लागते का, लघवी वारंवार होते का, सकाळी सांधे आखडतात का, डोळे लाल होऊन दुखतात का, कानात आवाज येतो का. मी म्हटलं मॅडम डोळ्या-कानाचा डागांशी काय संबंध, तर म्हणाल्या की रंग तयार करणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, त्या नुसत्या कातडीत नसतात, डोळ्यात आणि कानाच्या आतल्या भागातही असतात, त्यामुळे कधी कधी, फार कमी जणांत, तिथेही त्रास होतो म्हणून विचारावं लागतं.

मग घरच्यांबद्दल. कुणाला थायरॉईड? मावशीला आहे, तिचा गळा सुजलेला मी लहानपणापासून बघितलाय. कुणाला चाई? माझ्या भावाला, दाढीत आणि डोक्यात गोल चकत्या पडतात. लहानपणापासून इन्सुलिन घेणारं कोणी? नाही. कोड? वडिलांच्या आत्याला होता म्हणतात. मॅडमनी सगळं कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, हे तुम्हाला वेगवेगळे आजार वाटतात, पण यांचं मूळ एका जागी आहे.

ते मूळ मला जसं समजलं तसं सांगते. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. काही जणांत त्या आपल्याच अंगातल्या चांगल्या पेशींना परक्या समजून मारायला लागतात, त्याला ऑटोइम्यून म्हणतात. व्हिटिलिगोत त्या रंगाच्या पेशी मारतात म्हणून पांढरं होतं. आणि ज्याच्या शरीरात हा गोंधळ एका ठिकाणी झालाय त्याच्यात तो दुसऱ्या ठिकाणी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. थायरॉईड सगळ्यात जास्त वेळा, मॅडम म्हणाल्या शंभर व्हिटिलिगोवाल्यांमधे साधारण १५ जणांना. त्याच्याखालोखाल चाई, इन्सुलिन लागणारा टाईप १ डायबेटिस, बी१२ शोषलं न जाण्याचा ॲनिमिया, संधिवात, ॲडिसन म्हणून ॲड्रिनल ग्रंथीचा एक आजार, हे सगळं कमी प्रमाणात. ज्यांचे डाग शरीराच्या एकाच बाजूला एका पट्ट्यात असतात त्यांना हा धोका बराच कमी, माझ्यासारखे दोन्ही बाजूंना असतील त्यांनी लक्ष ठेवायचं. म्हणजे डाग आले की हे सगळं होणारच असं मुळीच नाही. बहुतेकांना यातलं काही होत नाही, हेही त्यांनी तेवढ्याच ठामपणे सांगितलं आणि ते ऐकून मला रडू आलं, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातांकडे सोडून माझ्याकडे बघून बोलत होतं.

तपासण्या लिहून दिल्या, थायरॉईडसाठी टीएसएच, टी४ आणि अँटी-टीपीओ, रक्तपेशींसाठी सीबीसी, मग बी१२, व्हिटॅमिन डी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी. रक्त मालवणातच दिलं, लॅबवाले सॅम्पल बाहेर पाठवतात आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. एक गोष्ट मॅडमनी आवर्जून विचारली, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का. मी घेत होते, केस गळत होते म्हणून मेडिकलवाल्यानेच दिलेल्या. त्या काही दिवस बंद करून मगच रक्त द्या म्हणाल्या, कारण बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. केस गळतात म्हणून बायोटिन घेणारी आणि केस ज्यामुळे गळतात तो थायरॉईड तपासायला जाणारी बाई एकच असते, त्यामुळे हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

रिपोर्ट रात्री आला. टीएसएच १८.६, नॉर्मल साधारण साडेचारपर्यंत, तो वाढला म्हणजे थायरॉईड मंदावलाय. अँटी-टीपीओ लॅबच्या मापाच्याही वर, म्हणजे थायरॉईडवर हल्ला चालू असल्याची खूण. हिमोग्लोबिन ९.४. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, १०९, तो शंभराच्या आत हवा. व्हिटॅमिन डी कमी, साखर ठीक. आणि बी१२ ९६, लॅबची खालची मर्यादाच २०० च्या आसपास.

हे बी१२ बघून घरात कुणाचा विश्वासच बसेना. बी१२ शाकाहारी लोकांचं कमी होतं हे टीव्हीवर ऐकलेलं, ते मासे, मटण, अंडी, दूध यातूनच मिळतं. आणि आमच्याकडे बांगडा, तारली, तिसऱ्या, कालवं, काही ना काही असतंच, तिसऱ्यांमधे तर बी१२ भरपूर. सासूबाई म्हणाल्या श्रावणात खाल्ले नाहीत म्हणून. नवरा म्हणाला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यात सुक्यावर भागवतो, मग लगेच श्रावण, म्हणून असेल. मॅडमनी फिजिशियनकडे पाठवलं होतं, त्या सरांना नवऱ्याने हेच विचारलं. सर म्हणाले, लिव्हरमधे बी१२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, दोन-तीन महिन्यांनी काही होत नाही. खाणाऱ्या माणसाचं एवढं कमी येतंय म्हणजे खाल्लेलं आत जात नाहीये. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेता का, साखरेची मेटफॉर्मिन चालू आहे का, पोटाचं ऑपरेशन झालंय का, तेही विचारलं कारण त्यानेही बी१२ कमी होतं. माझं तसलं काहीच नव्हतं.

मग त्यांनी एक ट्यूनिंग फोर्क काढला, शाळेत विज्ञानाच्या तासाला बघितलेला तोच. टेबलावर आपटून आधी माझ्या मनगटाच्या हाडावर धरला, झिणझिण लागली. मग डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्यावर धरला. मी वाट बघत होते कधी ठेवतायत. ते म्हणाले ठेवलाय. घोट्यावर धरला, तरी नाही. गुडघ्यावर आल्यावर कुठे जाणवला. नंतर पाय जुळवून उभं राहून डोळे मिटायला लावले आणि मी सरळ नवऱ्याच्या अंगावर गेले. सर शांतपणे म्हणाले, बी१२ कमी पडलं की नसांवरचं आवरण खराब होतं, वाळू लागत नव्हती ती त्यामुळे, अंधारात तोल जायचा तो पण त्यामुळे, कारण डोळ्यांचा आधार गेला की पाय कुठे आहेत ते मेंदूला कळत नाही. उशीर झाला तर हे कायमचं राहू शकतं, तुमचं बरंच भरून येईल.

मग आणखी एक रक्ततपासणी, इंट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटिबॉडीज. जठर इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रोटीन बनवतं, बी१२ त्याला धरूनच लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जातं आणि तिथे शोषलं जातं. माझ्या शरीराने त्या प्रोटीनविरुद्ध आणि ते बनवणाऱ्या पेशींविरुद्धही मोहीम काढली होती. ताटभर तिसऱ्या खाल्ल्या तरी उपयोग नव्हता. याला पर्निशियस ॲनिमिया म्हणतात, पूर्वी माणसं याने हमखास मरायची. १९२६ मधे अमेरिकेत मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी पेशंटना रोज लिव्हर खायला घालून वाचवलं आणि १९३४ साली व्हिपल यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. आता एक छोटंसं इंजेक्शन पुरतं, हे वाचून मला फार धीर आला.

इथे मला मिळालेल्या त्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल लिहायलाच हवं. बी१२ न बघता नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. म्हणून हिमोग्लोबिन कमी आणि लाल पेशी मोठ्या असं दिसलं की आधी बी१२ तपासायचं. या फॉलिक ॲसिडचा शोधही आपल्या मुंबईतच सुरू झालाय. ल्यूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर १९२८ मधे मुंबईत आली आणि गिरण्यांमधल्या गरोदर बायकांना मोठ्या लाल पेशींचा ॲनिमिया का होतो ते शोधत होती, मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क देऊन तिने तो बरा केला, त्यातलं जे सत्त्व पुढे सापडलं ते फॉलिक ॲसिड. गिरणगावात तेव्हा निम्मं कोकण राबत होतं, आमच्याही घरातली माणसं होती. त्यातल्या कुणा बायका त्या तपासणीत असतील का असा विचार माझ्या मनात येत राहतो.

इंजेक्शन सुरू झालं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक आणि ते जन्मभर. गडद तपकिरी काचेची बारकी कुपी असते, सिस्टर ती फोडून सिरिंजमधे औषध ओढते तेव्हा ते कोकमाच्या आगळासारखं लालभडक दिसतं. दंडावर देते, जरा चुरचुरतं. पहिल्यांदा फरक पडला तो जिभेला, थोड्याच दिवसात तिखट झोंबायचं कमी झालं. मग डोकं स्वच्छ व्हायला लागलं. पाय सगळ्यात हळू. उलट मधे काही आठवडे तळव्यांना इतक्या मुंग्या यायच्या की रात्री झोप लागेना, मी घाबरले, सर म्हणाले नसा सुधारताना असं होऊ शकतं. आता वाळू लागते. डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून पूर्ण नाही, ती कदाचित तशीच राहतील.

थायरॉईडची गोळी सुरू करायच्या आधी सरांनी बीपी झोपवून आणि उभं करून असं दोनदा घेतलं आणि सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन, तपासून घेतलं. ते त्या ॲडिसनसाठी, तो आजार असेल आणि तो न ओळखता थायरॉईडची गोळी दिली तर पेशंट एकदम ढासळू शकतो. माझं नॉर्मल आलं. गोळी सकाळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. आमच्याकडे सकाळी पेज असते, ती आता माझ्यापुरती उशिरा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने, नाहीतर थायरॉईडची गोळी शोषली जात नाही. आणि हे कोकणातल्यांसाठी खास, ह्या गोळीला दमट हवा चालत नाही. आमच्याकडे जुलैत मीठ पाणी धरतं, कपड्यांना बुरशी येते, तिथे उघड्या डबीत गोळ्या ठेवल्या तर त्यांचा जोर कमी होणारच. माझी बाटली तिच्यातल्या ओल शोषणाऱ्या पुडीसकट घट्ट झाकण लावून कपाटात असते, स्वयंपाकघरात नाही आणि फळीवर उन्हात पण नाही. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करून डोस ठरवतात. माझा आता ३ च्या आसपास असतो.

बरेच जण मला म्हणाले की समुद्राकाठच्या माणसाला थायरॉईड कसा, माश्यात तर आयोडीन असतं. आयोडीन कमी पडून होतो तो वेगळा. हा हाशिमोटो, ऑटोइम्यून, याचा आयोडीनच्या कमतरतेशी संबंध नाही, उलट जास्त आयोडीनने तो बिघडू शकतो, त्यामुळे असली सप्लिमेंट आणून खाऊ नका.

एंडोस्कोपी पण करायला लावली, कारण या ॲनिमियात जठराचं अस्तर झिजतं आणि पुढे कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून एकदा आत बघून ठेवतात. त्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. घशात कडू स्प्रे मारतात, घसा बधिर होतो, दातात प्लॅस्टिकची कडी धरायला देतात आणि कुशीवर झोपवून नळी घालतात. उमाळे येतात, डोळ्यातून पाणी येतं, पण होतं पाच-सात मिनिटांत. अस्तर पातळ झालंय आणि बाकी वाईट काही नाही असा बायोप्सीचा रिपोर्ट आला. परत कधी करायची ते डॉक्टर सांगतील तेव्हा करेन.

आता सगळे विचारतात ते, डाग गेले का. नाही. थायरॉईड आणि बी१२ सुधारलं म्हणून रंग परत येतोच असं नाही, मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं. चेहऱ्यावरच्या डागांना टॅक्रोलिमस मलम आणि नॅरोबँडच्या (अल्ट्राव्हायोलेट) लाइटने मधे मधे रंगाचे ठिपके आलेत, ओठाजवळचा बराच भरला. बोटांचे डाग हट्टी असतात, तिथे केसांची मुळं नसतात आणि नवा रंग बहुतेक केसांच्या मुळातूनच येतो. लाइटला आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, गावाकडून ते जमवणं, रजा, एसटीचं टायमिंग, ही एक मोठी अडचण आहे आणि आमच्या भागातल्या कितीतरी जणांची ट्रीटमेंट फक्त यामुळे सुटते. बोटं आता मी लपवत नाही. काउंटरला पैसे घेताना माझी बोटं लागू नयेत म्हणून नोटेचं टोक धरणारी माणसं आहेत अजून, त्यांचं मला वाईट वाटतं, राग पण येतो, आणि मी तरीही नोट त्यांच्या हातातच देते, टेबलावर ठेवत नाही.

मनाचं पण लिहायला हवं. मधली दोन-तीन वर्षं मी फार उदास होते, कुणाच्या लग्नाला जात नव्हते, रडायची. थायरॉईड कमी असला आणि बी१२ कमी असलं तरी मन खचतं, आणि डागांनी लोकांच्या नजरा सोसूनही खचतं. माझ्यात कुठलं किती होतं ते वेगळं काढता येत नाही. औषधाने बरंच सुधारलं, उरलेल्यासाठी सरांनी समुपदेशकाकडे पाठवलं आणि तिथे जायला लाज वाटून घेऊ नका हे मी प्रत्येकाला सांगते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन आहे, डाग असलेली माणसं तिथे एकमेकांना भेटतात. असं कुणीतरी आहे एवढं कळलं तरी बळ येतं.

थोरल्या मुलीने परवा विचारलं, आई मला पण होणार का. मॅडमना विचारलं होतं तेच तिला सांगितलं, आईला असलं तर मुलांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, पण बहुतेक मुलांना होत नाही. तिला काही त्रास नाही म्हणून उगाच तपासण्या करत बसायच्या नाहीत, थकवा, वजन, पाळीची तक्रार असं काही दिसलं तर मात्र टीएसएच लगेच करायचं आणि डॉक्टरला घरची सगळी यादी सांगायची. मावशीचा गळा, मामाची चाई, आईचे डाग, आईचं बी१२. ती यादी मी फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय.

भावाला पण रक्त द्यायला लावलं. तो वर्षभर म्हणत होता की धंद्याच्या दगदगीने दमायला होतं. त्याची साखर आणि बी१२ चांगलं आलं, टीएसएच ७.९ आणि अँटी-टीपीओ वाढलेलं. सरांनी अजून गोळी दिलेली नाही, काही आठवड्यांनी परत तपासून ठरवू म्हणालेत. तारीख माझ्याच इंजेक्शनच्या दिवशी घेतलीय, म्हणजे दोघं एकाच गाडीने कुडाळला जाऊ.